फळ्यावरचं वाक्य आणि वस्तीचा टँकर

मंडळी, आज आठवीला ‘गिव्ह’ शिकवत होतो. कोणी कोणाला काय दिलं, अशी वाक्यं. म्हटलं, घरचं-गावचं खरं लिहा.

कविताने फळ्यावर इंग्रजीत लिहिलं: चेअरमननी त्यांच्या डाळिंबाला आमचा टँकर दिला.

एकही चूक नव्हती. तेवढ्यात सोसायटीचे चेअरमनच शाळेला पंखा भेट द्यायला वर्गात आले. गावचा टँकर त्यांच्याच हातात; इंग्रजी मात्र त्यांना येत नाही.

"काय लिवलंय गुरुजी पोरीनं?"

माझी टरकली. "साहेबांनी आमच्या वस्तीला पाणी दिलं, असं लिहिलंय."

गडी लई खूश! कविताला शेजारी उभं करून फळ्यासकट फोटो काढला, गावच्या ग्रुपवर टाकला. मीही फोटोत उभा राहिलो.

तासाभरात कुणीतरी त्यांना खरा अर्थ सांगितला. दुपारी कविताच्या वस्तीवर टँकर गेलाच नाही.

शाळा सुटताना तिची आई रिकामी घागर घेऊन आली. "गुरुजी, तुमाला तर समदं कळत हुतं. मग फोटू कशापायी काढू दिला?"



फोटो अजून ग्रुपवर आहे. त्यात मी हसतोय. फोटोखाली लाइकचे अंगठे टाकणाऱ्यांनो, तुमच्यातल्या किती जणांनी ते वाक्य वाचलं होतं?