रिसीव्हरचं नाव कुठेच नाही

आमच्या शहराच्या टीमचा क्वार्टरबॅक निवृत्त झाला, त्या रविवारी आम्ही इथे अमेरिकेत, अर्विंगमध्ये माझ्या मित्राकडे जेवायला होतो. दर रविवारी असतोच. अमेरिकन फुटबॉलमध्ये जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते, म्हणून टीम हरली की बोटंही त्याच्याकडेच वळतात. हे कळायला मला इथे बरीच वर्षं लागली. मतं द्यायला मात्र मी पहिल्याच सीझनला लागलो होतो.

"ग्रेट वगैरे काही नाही," मी म्हणालो. "एक ट्रॉफी नाही. ऐन सामन्यात बॉल समोरच्यांच्या हातात द्यायचा."

"काय बे पुणेकर," मित्र नागपूरचा. "ग्रेट व्हायला तुझं सर्टिफिकेट लागते का? एवढी वर्षं मार खाऊन उभा राहिला, ते नाही दिसत?"

"शेवटी रिझल्ट बघतात, यार."

त्याची मुलगी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकते. सोफ्यावर मांडी घालून बसली होती. "काका, कोणता रिझल्ट? तो शेवटच्या गेममधला इंटरसेप्शन? वेट." तिने टीव्हीवर तो क्षण लावला. क्वार्टरबॅकने फेकलेला बॉल सरळ आला, तो झेलायला उभ्या असलेल्या आपल्याच रिसीव्हरच्या दोन्ही हातांवर आदळला, उडाला आणि समोरच्या टीमच्या एकाने तो झेलला. तिने चित्र जरा मागे नेऊन थांबवलं, बॉल हवेत असताना.

"सुटला रिसीव्हरच्या हातून. पण रेकॉर्डमध्ये क्वार्टरबॅकच्या नावावर. रिसीव्हरचं नाव कुठेच नाही. दॅट्स सो अनफेअर, काका!"

मी पुलावातले मटार बाजूला काढत बसलो. मला मटार आवडतात.

दोन वर्षांपूर्वी मित्र आणि मी एकाच कंपनीत होतो. मी त्याचा मॅनेजर. क्लायंटला सॉफ्टवेअर द्यायची एक तारीख मी कबूल करून बसलो होतो. तो म्हणाला, टेस्टिंग अपुरं आहे. मी म्हणालो, "सोड, कर रिलीज. मी बघतो." हे फोनवर म्हणालो, ईमेलमध्ये लिहिलं नाही, आणि का लिहिलं नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. सिस्टिम दिवसभर बंद पडली. वर्षअखेरीला टीममधल्या कुणालातरी तळाचं रेटिंग द्यावंच लागायचं. मी त्याला दिलं. दोघं मराठी, दर रविवारी एकत्र जेवणारे, पक्षपात दिसायला नको, असं मी स्वतःला सांगितलं. तेही खोटंच. त्या बिघाडाजवळ मला माझं नाव नको होतं. त्याचं सहा वर्षांचं काम मी एका ओळीत निकालात काढलं: घाईने निर्णय घेतो.

पुढच्या कपातीत त्याची नोकरी गेली. व्हिसावरच्या माणसाला दुसरी शोधायला साठ दिवस. त्या दिवसांत मी ओळखीच्या प्रत्येकाला त्याचा रेझ्युमे पाठवला. सत्तेचाळिसाव्या दिवशी त्याला काम मिळालं, खालच्या पदावर. ग्रीन कार्डचे कागद पुन्हा पहिल्यापासून. ही मुलगी तीन वर्षांची असताना इथे आली. पुढच्या वर्षी एकविसावं पूर्ण झालं की बापाच्या व्हिसावर तिला राहता येणार नाही. आणि मित्र चारचौघांत सांगतो, "हा होता म्हणून टिकलो." तो हे म्हणाला की मी पाणी प्यायला उठतो.

मित्र कणसं भाजायला मागे अंगणात गेला. मी त्याच्यामागून गेलो. काही जुळवाजुळव न करता बोलून टाकलं. "ते रेटिंग वरून आलं नव्हतं. मी दिलं होतं. आणि रिलीज कर म्हणून मीच सांगितलं होतं, हे त्या बिघाडाच्या रिपोर्टमध्ये मी लिहिलं नाही."

तो कणीस फिरवायचं थांबला. एक बाजू काळी पडत गेली.

"वरून आलं, म्हणाला होतास."

"हो."

"पोरगी विचारते मला, बाबा, तुमचं नेमकं काय चुकलं? मी म्हणतो, घाई केली ना मी. दोन वर्षं हेच सांगून राहिलो तिला." तो माझ्याकडे बघत नव्हता. "मलाही तेच वाटायला लागलं होतं, बे."

मला वाटलं, आता म्हणेल, नीघ. निघायची माझी तयारी होती. खरं तर तेच सोपं गेलं असतं. त्याने चिमटा ठेवला आणि काचेचं दार सरकवलं.

"मला सांगून झालं. आता तिला सांग."

आत टीव्हीवर बॉल अजून हवेतच होता.

"काका, मत बदललं की नाही?" तिने हसत विचारलं.

मी तिच्यासमोरच्या खुर्चीत बसलो. मित्र दारातच उभा होता, त्यामुळे पाण्यासाठी उठायलाही वाट नव्हती.

"बेटा, टीव्ही बंद कर जरा," मी म्हणालो. "तुझ्या बाबांनी घाई केली नव्हती."