चेंबरचं झाकण

“सिस्टर, तुमच्या वडलांना म्हणावं, जरा चेंबरमधी हात घाला.”

सकाळी सकाळी घरमालक दारात उभा राहून हे बोलला. मी लातूरला दवाखान्यात नर्स. त्याच्या खालच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायची. वर त्याचं कुटुंब. दोन्ही संडासांचा पाइप एकच. तो तुंबला होता. चेंबरच्या झाकणातून सगळं वर येऊन अंगणात पसरलं होतं.

अण्णा, माझे वडील, आदल्याच दिवशी नांदेडहून आले होते. मालकानंच त्यांना खुर्ची दिली होती. “काका, कुठल्या खात्यात होता?” विचारलं होतं. अण्णांनी सरळ सांगितलं, “गटारात उतरायचो.”

मी काही बोलायच्या आत अण्णा उठले. शर्ट काढला. पायजमा गुडघ्यावर दुमडला.

“बांबू हाय का, मालक?”

ते मला सहन झालं नाही. कुणी ढकललं नव्हतं. शब्द कानावर पडला आणि त्यांचं अंग आपोआप कामाला निघालं.

मी त्यांचा दंड धरला. “अण्णा, बसा.”

“जाऊ दे बाई. पाच मिन्टाचं काम हाय.”

मालक हसला. “त्यात काय एवढं? त्यांना सवय असती.”

महिनाभर त्याच्या आईच्या पायाची जखम मी धुतली होती. फुकट.

“सवय न्हाई,” मी म्हणाले. “नोकरी होती. संपली. पाइप तुमचा हाय. मशीनवाल्याला बोलवा, न्हाईतर सोता उतरा.”

“मग खोल्या खाली करा.”

अण्णा त्याच दुपारी परत निघाले. स्टँडवर म्हणाले, “घर घालवलंस. माझ्या हाताला काय झालं असतं?”

मी सातवीत असताना त्यांना बेशुद्ध पडलेलं, दोरीनं वर ओढलेलं मी पाहिलंय. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उतरले होते. मी पिशवी त्यांच्या हातात दिली. बस गेली.

राग मालकाचा आला होता, तेवढाच स्वतःचाही. खोल्या भाड्यानं घेताना मी त्याला सांगितलं होतं, वडील क्लार्क होते. अण्णांना हे माहीत नाही.

आता खोली बघायला जाते तेव्हा चावी हातात घ्यायच्या आधी सांगते. माझे वडील गटारात उतरायचे. आता कुणासाठीच उतरणार नाहीत. चार घरांनी नाही म्हटलं.

पाचव्या दारातही हेच सांगणार.