सहीविना चित्रकथा

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी अकोल्यात मुलींच्या शाळेत शिकवायचे. अमरावतीच्या एका छापखान्यातून चित्रकथांची पातळ पुस्तकं निघायची, पण चित्रं कुणाची हे कधी छापत नसत. मला त्याचा भारी राग यायचा. जेवण ओरपायचं आणि रांधणारीचं नाव विचारायचं नाही, तशातली गत. मग मीच रेघा बघून चित्रकार ओळखायला लागले. बैलांच्या डोळ्यांवरून एक जण लगेच सापडला. अमरावतीला मला चित्रकला शिकवणारे मास्तर. फळ्यावर ते अगदी तसेच डोळे काढायचे.

पण नव्या पुस्तकांत माशी शिंकली. बैल मास्तरांचेच, बायका मात्र भलत्याच. मास्तरांच्या जुन्या चित्रांतल्या बायकांचं लुगडं नुसतं गुंडाळल्यागत असे. इथे विहिरीवर वाकलेल्या बाईचा काष्टा नीट मागे खोचलेला, ओचाही जागच्या जागी. रोज लुगडं नेसणारीशिवाय हे कुणाला सुचणार? मी घरी जाहीर करून टाकलं, की हे काम बाईचंच. आमच्या वकीलसाहेबांनी, म्हणजे आमच्या यजमानांनी, पेपरातून डोकं न काढता पुरावा काय म्हणून विचारलं. मी चिडलेच. ती बाई जन्मभर निनावी राहणार आणि यांना पुरावा हवा!

दिवाळीच्या सुट्टीत पुस्तक घेऊन थेट मास्तरांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीनं चहा आणून ठेवला. मास्तरांनी कप उचलला तर हात थरथरत होता, चहा बशीत सांडला. मी तो काष्टा दाखवून विचारलं, हे कुणी काढलं. मास्तरांनी पत्नीकडे बोट केलं.

"हिनंच," मास्तर म्हणाले. "माह्या हाताले कंप सुटला तवापासून सारं हीच काढून राहिली. बैल मी शिकवले, बाया तिच्या तिनं काढल्या. छापखान्यात सांगाची माही हिंमत नाही झाली."

मला कोण आनंद झाला! पुस्तक आणि पेन बाईंच्या पुढ्यात ठेवून म्हटलं, करा सही. त्यांनी पदराला हात पुसले, पेन धरलं आणि तिथंच अडल्या.

"कोनतं नाव लिवू?" त्यांनी मास्तरांना विचारलं. "तुमी लग्नात ठेवलेलं, का माह्या मायनं ठेवलेलं?"

तुले वाटते ते लिव, असं मास्तर म्हणाले. बाईंनी आईनं ठेवलेलं नाव लिहिलं. लग्नानंतर त्या घरात त्यांना कुणी त्या नावानं हाक मारली नव्हती. मास्तरांनी पुस्तक डोळ्यांजवळ धरून ते मोठ्यानं वाचलं, आणि बाई "ओ" म्हणाल्या.