बिनफाळाची होडी

रस्त्यावर डांबर उकळताना दिसलं, की मला आमच्या पाझर तलावावरची शिडाची होडी आठवते. मच्छीमार सोसायटीसाठी ती गावच्या म्हाताऱ्या सुतारानं केली होती. जन्मभर त्यानं नांगर आणि बैलगाड्याच केलेल्या. पहिल्याच दिवशी शिडात वारा भरला आणि होडी पुढं जायची सोडून आडवी घसरत बाभळीत घुसली. काठावर हशा पिकला. सुतार गुडघाभर पाण्यात उभा राहून शांतपणे म्हणाला, "हिला फाळ न्हाय. बिनफाळाचा नांगर घसरंल न्हाय तर काय?" त्यानं बुडाखाली उभी फळी बसवली, फटींत डांबर भरलं, तोवर दुष्काळानं तलाव आटला. तो पुन्हा भरला तेव्हा सुतार राहिला नव्हता. होडी मात्र नांगराच्या तासासारखी सरळ पलीकडं गेली. सुकाणू माझ्या हातात होतं, आणि पहिल्या दिवशी काठावर सगळ्यांत मोठ्यानं हसलो होतो, तोही मीच.