अंग भरून आलं तेव्हा

वर्ध्याच्या औषध केंद्रात मी पहिल्यांदा वजनकाट्यावर उभी राहिले तेव्हा तो तेहतीसवर थांबला. सिस्टरने आकडा मोठ्याने वाचला, वहीत लिहिला आणि पुढच्या बाईला हाक मारली. माझ्यासोबत सासू आली होती. ती बराच वेळ काट्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आपल्या वांग्याचं पोतं बी याहून जड भरते."

आमचं घर नाचणगावचं. थोडी शेती, तीही सगळी भाजीपाल्याची. वांगी, भेंडी, मेथी, थंडीत कोबी. तोडणी माझी, आणि पुलगावच्या बाजारात विकायला बसायचं काम सासूचं. माझा नवरा त्याच्या दीड वर्ष आधी गेला होता. त्याला टीबी झाला होता असं आम्ही सगळ्यांना सांगायचो, आणि आम्हालाही तेवढंच ठाऊक होतं. त्याच्यामागून मला ताप सुरू झाला, जुलाब थांबेनात, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. माझ्याही तपासणीत टीबी निघाला, आणि त्याच वेळी रक्त तपासलं तेव्हा एचआयव्हीही.

केंद्रातल्या समुपदेशक मॅडमनी मला एकटीला आत बसवून सगळं समजावलं आणि विचारलं, "घरात कोणाला सांगायचं का? तुमची इच्छा असेल तरच." मी सासूला आत बोलवा म्हटलं. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर मला बोल लावेल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "हिनं खाचं काय?"

परत येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. देवळी गाव आलं. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "त्याचं काय झालं ते मले समजलंच नाई. तुहं समजलं हाय. तुले जाऊ देत नाई मी."

आधी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, काही आठवड्यांनी एचआयव्हीच्या. पहिले पंधरा दिवस खाल्लेलं पोटात राहत नव्हतं. सासू तुरीच्या वरणाचं पाणी वाटीत घेऊन माझ्यासमोर बसायची, अर्धं सांडलं तरी पुन्हा आणायची. बाजारातून येताना शेंगदाणे, गूळ, कधी अंडी. स्वतः माळकरी, कधी अंड्याला हात लावला नव्हता. तेव्हा चिमट्याने धरून उकडायला शिकली.

या काळात माझे ब्लाऊज अंगावर लोंबायचे. आमच्या गल्लीत चार घरं पलीकडे एक ताई शिवणकाम करायच्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, एकट्या राहायच्या. दुखणं सुरू झाल्यापासून वर्षभरात मी तीन वेळा त्यांच्याकडे ब्लाऊज लहान करायला नेले. दर वेळी त्या फीत लावून माप घेत, वहीत लिहीत, आणि "परवा येजो" एवढंच म्हणत. गावात बाकीचे सगळे विचारत होते, काऊन वाळून राह्यली, डॉक्टर काय म्हणते. ताईंनी कधी विचारलं नाही. मी त्यांची तेवढ्यासाठीच आभारी होते. त्यांना काही कळत नाही, असं मी धरून चालले होते.

भूक परत आली तो दिवस मला लख्ख आठवतो. औषध सुरू होऊन दोन-अडीच महिने झाले असतील. दुपारी मी भेंडीच्या ओळीत होते. जास्त काम होत नसे, पण घरी पडून कंटाळा यायचा म्हणून सासूसोबत जायची. अचानक पोटात असं काही ओढलं की मला आधी वाटलं पुन्हा दुखणं उठलं. मग कळलं, ही भूक आहे. बांधावर वाळकाचा वेल होता. त्याची दोन वाळकं तोडून, पदराला पुसून तिथेच बसून खाल्ली. खाताना रडूही येत होतं. सासू लांबून ओरडली, "काय झालं वं?" मी म्हटलं, "भूक लागली." ती धावत आली आणि माझ्याशेजारी मातीत बसून आपल्या डब्यातली भाकरी तोडून मला देत राहिली.

पुढच्या महिन्यात काटा छत्तीसवर गेला. मग एकोणचाळीस. वर्षभरात चव्वेचाळीस. दर महिन्याला सासू आकडा ऐकायला यायची आणि सिस्टरला मेथीची जुडी देऊन जायची. सिस्टर नको म्हणायच्या, ही टेबलावर ठेवून चालायला लागायची. ताईंकडे मी ब्लाऊज परत सैल करायला नेले तेव्हा बघितलं, एकाही ब्लाऊजचं कापड त्यांनी कापलं नव्हतं. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला शिवणकामात माया म्हणतात. ती सगळी माया तशीच दुमडून ठेवलेली होती. टीप उसवली की झालं.

नंतरची कितीतरी वर्षं बरी गेली. मी पूर्ण तोडणी करू लागले, सासूऐवजी बाजारातही बसू लागले. मग केंद्रात गोळी बदलली. सगळ्यांनाच नवी गोळी मिळाली. पहिल्या गोळीने मला चक्कर यायची, विचित्र स्वप्नं पडायची, ते थांबलं. पण वजन वाढू लागलं. बावन्न, सत्तावन्न, त्रेसष्ट. चढण चढताना धाप लागायची. रांगेत बसलेल्या बाया म्हणायच्या, "हे नवी गोळी फुगवते."

एक दिवस बाजारात शेजारी बसणारी बाई हसत हसत म्हणाली, "नवरा गेला तरी तुहं अंग मस्त भरून आलं वं. काय खाऊन राह्यली?" आजूबाजूच्या दोघीतिघी हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर मात्र ते वाक्य मनातून जाईना. तेहतीस किलोची होते तेव्हा लोक बघायचे, आता त्रेसष्टची झाले तरी बघत होते. मी ठरवलं, गोळी एक दिवसाआड घ्यायची. केंद्रात उरलेल्या गोळ्या मोजतात, म्हणून न घेतलेल्या गोळ्या मी एका रिकाम्या डबीत टाकून धान्याच्या कोठीमागे ठेवू लागले. सासूला सांगितलं नाही.

महिनाभर हे चाललं. त्या दिवसांत भाचीच्या लग्नासाठी नवा ब्लाऊज शिवायचा होता. ताईंनी माप घेतलं. मी म्हटलं, "दोन इंच कमीच धरा ताई. लग्नापर्यंत मी बारीक होणार आहे."

ताईंनी फीत गळ्यात टाकली आणि माझ्याकडे बघितलं. "कशानं होशीन बारीक?"

मी पदर सारखा करू लागले.

"गोळ्या बरोबर घेऊन राह्यली ना तू?"

इतक्या वर्षांत हा शब्द आमच्यात आला नव्हता. मी खाली बसले. त्यांनी दार लोटून घेतलं आणि मशीनच्या स्टुलावर बसल्या.

"मले तवाच समजलं होतं," त्या म्हणाल्या. "माह्या लहान भावाले हेच होतं. त्याचे शर्ट मी असेच आत घेतले, एकाच साली चारदा. मग औषध भेटलं, तो बरा होत होता. अन् बरा झालो म्हणून त्यानं सोडून देल्लं. ते शर्ट सैल कराचा टाइमच नाई आला माह्यावर." त्यांनी माझा जुना ब्लाऊज मांडीवर घेतला. "तुहे ब्लाऊज मोठे करते ना, तवा मले किती बरं वाटते, तुले काय सांगू. माणसं हसतात त हसू दे. तू जाड हायस म्हंजे हायस."

मी त्यांना सगळं सांगितलं, डबीसकट. त्यांनी रागावून काही म्हटलं नाही. फक्त म्हणाल्या, "उद्या त्या मॅडमकडे जाजो. मी येतो सोबत." आमच्याकडच्या बाया 'येतो' म्हणतात, तशा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वर्ध्याला गेलो. मी डबी मॅडमच्या टेबलावर ठेवली. सोळा गोळ्या होत्या. मला वाटलं आता चांगलीच खरडपट्टी निघणार. मॅडमनी गोळ्या मोजल्या, मग माझ्या वजनाचा जुना कागद काढला आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलं. कोणी काही बोललं का तुम्हाला?" मी बाजारातली गोष्ट सांगितली. त्या मला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी रक्तदाब, साखर बघितली, रक्त तपासायला पाठवलं. त्यांनी मला उडवून लावलं नाही. म्हणाले, या औषधावर काहींचं वजन वाढतं, बायांचं जास्त वाढलेलं दिसतं. थोडं आजारातून सावरल्यामुळे असतं, थोडं औषधामुळे असू शकतं, नक्की किती कशामुळे ते सांगता येत नाही. "पण मनानं गोळी सोडायची नाही. वजनाचा त्रास झाला तर इथं येऊन भांडा. आपण मार्ग काढू." काही आठवड्यांनी अहवाल आला. विषाणू मोजण्याइतकाही सापडला नव्हता. साखर मात्र काठावर होती, म्हणून खाण्यात बदल सांगितले.

ते सासूला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. इतकी वर्षं ती माझ्या ताटात न विचारता जास्तीची भाकरी टाकत आली होती, वर तूप, आणि दिवसातून चार वेळा गोड चहा. "डॉक्टर म्हणते कमी खा?" ती भडकली. "तेहतीस किलोची होती तवा हाच दवाखाना मले म्हणे खाऊ घाला!" दोन दिवस ती ताट माझ्यासमोर आदळून जात राहिली. तिसऱ्या दिवशी ताटात एकच भाकरी होती, आणि शेजारी काकडीचा ढीग, माझ्याने संपणार नाही इतका.

मी शेतात ऑटोने जाणं सोडलं, पायी जाऊ लागले. वजन एकसष्टवर आलं आणि तिथेच बसलं आहे. ताईंनी लग्नाचा ब्लाऊज पूर्ण मापाचा शिवला होता, तो मी भाचीच्या लग्नात घातला. तिथेही कोणीतरी काहीतरी म्हणालंच असेल. मी जेवणावळीत वाढायला उभी होते, ऐकायला सवड नव्हती.

गेल्या हिवाळ्यात सासू अंगणात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण पुढचे तीन महिने तिला खाटेवरून उठता येत नव्हतं. ती आता अगदी हलकी झाली आहे. सकाळी अंगणात ऊन आलं की मी एक हात तिच्या पाठीखाली आणि एक गुडघ्यांखाली घालून तिला उचलायची आणि बाहेर बाजेवर ठेवायची. कोणाला हाक मारावी लागत नसे.

पहिल्या दिवशी उचललं तेव्हा ती घाबरली. माझ्या खांद्याला घट्ट धरलं. उंबरा ओलांडून बाहेर आलो, ऊन तिच्या तोंडावर पडलं, तशी तिची पकड सैल झाली. बाजेवर टेकल्यावर तिने माझा दंड दाबून बघितला आणि म्हणाली, "वाया नाई गेलं वं काहीच." मग तिने चहा मागितला, आणि माझ्यासाठीही ठेव म्हणाली, बिनसाखरेचा.