तांबडीच्या लेकीला सांगितलेली गोष्ट

फिनेलचा वास, त्याच्याखाली दबलेला ओल्या केसांचा वास आणि कुठल्याशा कोपऱ्यातून येणारा आयोडिनचा तो उग्र दर्प. प्राण्यांच्या दवाखान्यात आता बसायला स्टीलच्या खुर्च्या आल्या, भिंतीवर गोजिरवाण्या पिल्लांची कॅलेंडरं आली, पण वास काही बदललेला नाही. परवा शेजाऱ्यांचं मांजर घेऊन मी तिथं बसले होते. समोर एक कॉलेजातली मुलगी होती आणि तिच्या मांडीवर, कान अजून धड उभे न राहिलेली एक कोवळी कुत्री. ‘‘डॉक्टर, हिचं ऑपरेशन कधी करायचं?’’ तिनं विचारलं. पहिला माज येऊन गेला का, एवढं डॉक्टरांनी विचारून घेतलं, कुत्रीचं पोट चाचपलं आणि पुढच्या आठवड्यातला एक वार सांगून टाकला. झालं, एवढ्यावर मिटलं. मुलगी उठून गेलीसुद्धा. मला आधी तिचा हेवा वाटला आणि मग, काही कारण नसताना, रागही आला. आमच्या घरात हा प्रश्न मोठ्यानं विचारायची कुणाची छाती होत नव्हती, आणि त्याची भरपाई एका मुक्या जिवानं केली होती.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातल्या कोल्हापूरची. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मोल्डर होते. तिथं साच्यांच्या काळ्या वाळूच्या ढिगात, ऊब बघून, एक कुत्री व्याली होती. तिचं एक पिल्लू आण्णांनी डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं. आंघोळ घातल्यावर काळं पाणी वाहून गेलं आणि खाली विटेच्या रंगाची एक लहानशी कुत्री निघाली. तिला तांबडी हे नाव आत्तीनं दिलं. आत्ती म्हणजे आण्णांची थोरली बहीण. शिरोळकडच्या एका भरल्या बागायती घरात दिलेली, आणि मी लहान असतानाच एका ट्रंकेसह आमच्या दोन खोल्यांत परत आलेली. ती फार बोलायची नाही आणि बोलली की समोरच्याला लागायचं. आमच्याकडच्या बायका बोलतात तशी ‘येतो’, ‘जातो’ करत बोलायची. देवळात मात्र कधीच जायची नाही. तांबडी तिच्या पायाशी निजायची, तिच्या हातचंच खायची, आणि आत्ती दिवसभरात जे काही चार शब्द गोड बोलायची ते या कुत्रीच्या वाट्याला जायचे.

तांबडी सहा-सात महिन्यांची झाली तेव्हा सुया टोचायला आम्ही तिला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, म्हशींच्या रांगेतून वेळ काढून नीट बोलले. म्हणाले, ‘‘पिल्लं नको असतील तर पहिला माज यायच्या आत हिची पिशवी काढून टाकू. हेच वय बरं. पुढं दुखणी टळतात.’’ आण्णांनी मान डोलावली. तेवढ्यात आत्तीनं त्यांच्या हातातली साखळी ओढून घेतली आणि कुत्रीला घेऊन ती तरातरा बाहेर चालू लागली. घरी आल्यावर आण्णा चाचरत म्हणाले, ‘‘आक्का, डॉक्टर बरोबर बोलत हुता की.’’

‘‘तिला इचारलं कुणी?’’

‘‘आता कुत्रीला काय इचारायचं?’’

‘‘व्हय. कुत्रीला काय इचारायचं,’’ आत्ती म्हणाली, ‘‘बाईला तरी कोण इचारतंय.’’

आण्णांचा चेहरा उतरला. ते न जेवता दुसऱ्या पाळीला निघून गेले. आत्तीच्या बोलण्याचा अर्थ मला त्या संध्याकाळी आईनं सांगितला, भाकरी थापता थापता, थापेच्या आवाजाखाली आपला आवाज ठेवून. लग्नाला दोन-तीन वर्षं झाल्यावर आत्तीच्या पोटात दुखायला लागलं. सासरच्यांनी दवाखान्यात नेलं, पोट फाडलं, आणि गाठ निघाली म्हणून सांगितलं. गाठ नव्हे, पिशवीच काढली होती. तिचा जीव वाचवायला ते गरजेचं होतं की नव्हतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पण तिला ते कळू द्यायचं नाही असं मोठ्या माणसांत ठरलं. पाळी थांबली तेव्हा अशक्तपणा म्हणाले. मूल राहीना तेव्हा नृसिंहवाडीला नेलं. संगमावर गार पाण्यात बुडी मारून, ओलेत्यानं, आत्ती मुलासाठी प्रदक्षिणा घालायची आणि सासू पायरीवर बसून तिच्याकडं बघत राहायची. सासूला सगळं माहीत होतं. दर पौर्णिमेला हे चालायचं. शेवटी गावातल्या एका सुईणीनं न राहवून तिला खरं सांगितलं, तोवर नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची सुपारी फुटली होती. ‘‘आणि दवाखान्यात त्या दिवशी तुझे आण्णा पण हुते,’’ आई म्हणाली. ‘‘पाव्हण्यांनी सांगितलं, आता हे आपल्यातच ठेवायचं. हे गप बसले. आक्कांना ते ठावं न्हाय, आणि तू बोलू नगंस.’’ तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि मला पाणी भरायला पाठवलं.

मग काय, तांबडीचं ऑपरेशन निघायचं आणि मागं पडायचं. थंडी सरू दे, पावसाळा जाऊ दे, गणपती होऊ देत. खरं कारण कुणी तोंडावर आणायचं नाही. आण्णा बहिणीचं देणं त्या कुत्रीच्या अंगावर फेडत होते, असं मला तेव्हाही वाटायचं आणि अजूनही वाटतं. माणसांना आपली लाज झाकायला कुणी ना कुणी लागतंच, आणि जनावराइतकं सोयीचं दुसरं कोण असणार! तांबडी माजावर आली की कॉलनीभरचे कुत्रे फाटकाशी जमायचे, लोक दगड मारायचे आणि शिव्या आम्हाला घालायचे. ती व्याली तेव्हा मात्र आत्तीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. बाळंतिणीला करावं तसं तिनं सगळं केलं. ज्वारीची पेज, गूळ, खोबरं, खाली जुन्या लुगड्याची घडी. पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत ती त्यांच्याजवळून हलली नाही.

डोळे उघडल्यावर माणसं यायला लागली. दारातूनच विचारायची, ‘‘पावणं, नर हाय का?’’ नर असले की उचलून, शेपटी वर करून, खात्री करून घ्यायची. माद्यांकडं कुणी वाकूनही बघायचं नाही. महिन्याभरात नर चांगल्या घरी गेले आणि माद्या उरल्या. एका सकाळी आण्णांनी त्या पोत्यात घातल्या, सायकलला अडकवल्या आणि बाजारात मटणाच्या दुकानांपाशी सोडून आले. तिथं खायला मिळतं, म्हणाले. रिकामं पोतं त्यांनी परत आणलं होतं. तांबडी ते पोतं हुंगत, नाकानं उलटंपालटं करत, कितीतरी दिवस अंगणात बसून असायची. आई होण्याचं सुख तिला मिळायला हवं असं मनात धरणाऱ्या आमच्या घरानं तिच्यासाठी एवढं केलं. दुसऱ्या खेपेला पुन्हा हेच झालं. या वेळी मात्र ते पोतं आत्तीनं बंबात घालून जाळलं.

तिसऱ्या खेपेला तांबडी उठलीच नाही. पिल्लांमागची वार पोटातच राहिली होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. पाणी पी पी प्यायची, अंगाची नुसती भट्टी, पिल्लांना जवळ घेईना. डॉक्टर तेच होते, आता जरा पोक्त झालेले. पिशवीत पू झालाय म्हणाले, आणि पुढं काही बोलले नाहीत. त्यांनी बोल लावला असता तर बरं झालं असतं. तांबडी दवाखान्याच्या फरशीवरच गेली. पिल्लांतलं एकच जगलं, आईच्याच रंगाचं, मादीच. आत्तीनं त्याला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलं.

ही लेक सहा-सात महिन्यांची झाली तेव्हा घरात कुणी चकार शब्द काढला नाही. मी कॉलेजात होते, धीर करून बोलावं असं रोज ठरवत होते. पण एका सकाळी आत्तीच लुगडं बदलून दारात उभी राहिली. ‘‘चला, दवाखान्यात जायाचं,’’ म्हणाली. ‘‘हिला उपाशी ठेवलंय मी.’’ आण्णांनी निमूट रिक्षा आणली.

टेबलावर कुत्री थरथरत होती. डॉक्टर सुई भरत होते. आत्ती म्हणाली, ‘‘जरा थांबा, सायेब. मला हिच्याशी बोलायचं हाय.’’ डॉक्टर थांबले. तिनं कुत्रीचं तोंड दोन्ही तळव्यांत धरलं आणि तिच्या डोळ्यांत बघत, समजूतदार बाईशी बोलावं तशी, सावकाश बोलली.

‘‘हे बघ बाय. तुझी पिशवी काढणार हायेत. तुला पोरं व्हायची न्हाईत. तुझी आई त्या पायी मेली, म्हणून मी हे करतोय. थोडे दिस दुखंल. उद्या कुणी गाठ काढली म्हणून सांगितलं, तर ते खोटं हाय. मी तुला सांगून करतोय.’’

कुत्रीनं तिचं मनगट चाटलं. आण्णा दाराशी उभे होते. ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले ते ऑपरेशन होईपर्यंत वळले नाहीत.

परतताना रिक्षात गुंगीतली कुत्री आम्हा तिघांच्या मांड्यांवर आडवी होती, तिचं डोकं आण्णांकडं आलं होतं. ताराराणी चौकाच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा आण्णा समोर बघतच म्हणाले, ‘‘आक्का, त्या वक्ताला मला समदं म्हाईत हुतं.’’

आत्तीनं कुत्रीच्या अंगावरचं फडकं नीट केलं. ‘‘ते मला ठावं हाय,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणून तर दुसरीकडं कुठं न जाता तुझ्या दारात येऊन बसलो. रोज मला बघशील म्हणून.’’

रिक्षा सुटली. पुढं ती कुत्री पुष्कळ जगली, आण्णांच्या आणि आत्तीच्याही मागं उरली, म्हातारपणी उन्हात पाय पसरून निजायची. तिला त्या दिवशी काय कळलं असेल ते असो. पण आमच्या घरातल्या बाईमाणसांत, स्वतःच्या देहाचं काय होणार हे आधी सांगितलं गेलं, अशी ती पहिलीच.