भुयारातला भिडू

एका हातानं पत्ते पिसणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे, वर्षभर, एक दिवसाआड. डाव्या हातात डायलिसिसच्या सुया, तो हात उशीवर निपचित. उजव्या हातानं छातीवर कॅट टेकवून तो अशा सफाईनं पानं खालीवर करायचा, की सिस्टरसुद्धा थांबून बघत. पिसून झालं की शेजारच्या कॉटकडे मान वळवून विचारायचा, "ताई, पळायचं का भिडायचं?"

शेजारच्या कॉटवर माझी बायको असायची. म्हणून तर सांगतोय. अशा वॉर्डात तुम्ही कधी स्टुलावर बसून दुपार काढली असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, तिथे धडधाकट माणसाला काही कामच नसतं. मी बायकोच्या चपला सरळ करायचो, पंखा कमीजास्त करायचो आणि उरलेल्या वेळात या गृहस्थावर जळायचो.

तो द्वारका चौकात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंग बघायचा. मूळचा सिन्नरकडचा. मला त्यानं पहिल्याच दिवशी 'दाजी' करून टाकलं. म्हणजे तो बायकोचा भाऊ झाला आणि मला उघडपणे जळायचीही सोय राहिली नाही.

खेळ त्यानं मोबाईलवर बघून उचलला होता. पत्ते आपले नेहमीचेच, पण त्यांचं भुयार करायचं. चार पानं उलगडली की झाली एक खोली. काळी पानं म्हणजे राक्षस, चौकट म्हणजे हत्यारं, बदाम म्हणजे औषध. राक्षसाशी भिडलं की जीव कमी होतो, हातात हत्यार असेल तर जरा कमी होतो, बदाम आलं की थोडा भरून येतो. खोली अवघड वाटली तर पळता येतं, पण लागोपाठ दोनदा नाही. खेळ खरं तर एकट्यानं खेळायचा. या दोघांनी मात्र 'दोघांत मिळून एक जीव' असा स्वतःचा नियम केला होता. दोन कॉटच्या मध्ये जेवणाचं चाकांचं टेबल ओढायचं, तो पानं टाकायचा आणि ती ठरवायची.

"इस्पिकचा राजा आलाय ताई. लय माजलेला दिसतो."

"आपल्याकडे काय आहे?"

"चौकट पंजी. भाजी चिरायची सुरी म्हणा."

"मग पळा!"

"नाय पळता येत. मागच्या खोलीतून पळालो ना आपण."

"आपण नाही, तुम्ही पळालात. मी नको म्हणत होते."

आणि दोघं हसायची. मी मेंढीकोटात आमच्या कॉलनीत नावाजलेला माणूस. इतक्या वर्षांत माझ्या एकाही डावावर बायको अशी हसली नव्हती.

राक्षसांना त्यानं नावं दिली होती. किलवरची राणी म्हणजे वॉर्डातली मोठी सिस्टर, इस्पिकचा गुलाम म्हणजे द्वारकेचा सिग्नल. मी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, "यात मी कोण?"

तो खरोखरच विचारात पडला. "दाजी, तुम्ही भुयारात नाय. तुम्ही बाहेर, गाडी काढून उभे."

बायकोला हे फार आवडलं. मला झोंबलं. गाडी मीच काढून उभा राहायचो, त्यामुळे बोलायला जागा नव्हती.

डाव बहुतेक वेळा ते हरायचेच. जीव संपला की तो मोठ्यानं जाहीर करायचा, "मेलो ताई!" ज्या वॉर्डात तो शब्द कुणी कुजबुजतसुद्धा नाही, तिथे! पहिल्यांदा सगळ्या माना वळल्या. मी त्याला बाजूला वाकून म्हटलं, "असलं अभद्र बोलत जाऊ नका." "बरं दाजी," म्हणाला, आणि पुढच्याच डावात पुन्हा मेला. बायको डोळे पुसत म्हणत होती, "पिसा परत."

शेवटी मी नवा कॅट आणला आणि रविवारी घरी जेवणाच्या टेबलावर भुयार मांडलं. जिंकलो. दुसरा डावही जिंकलो. तिसऱ्याला तिनं पानांवर हात ठेवला.

"तुम्ही पत्ते लावताय."

"छे!"

"मग सगळे बदाम सुरुवातीलाच कसे येतात?"

तिनं पानं गोळा केली. रागावली नव्हती. "अहो, तो मला मरू देतो," ती म्हणाली. "तुम्ही देत नाही. मग खेळल्यासारखं वाटत नाही."

त्या क्षणी मला त्याचा जेवढा हेवा वाटला, तेवढा आयुष्यात कुणाचा वाटला नसेल. माझी साखर वाढलेली, त्यामुळे किडनी द्यायला मी पहिल्याच तपासणीत बाद झालो होतो. निदान पत्त्यांत तरी तिला औषध मी द्यावं, एवढाच माझा लोभ होता.

मग त्याच्या थोरल्या बहिणीची किडनी जुळली. त्यानं स्वतः सांगितलं नाही, सिस्टरकडून कळलं. त्या दुपारी तो नुसताच पिसत राहिला.

"कधी आहे ऑपरेशन?" बायकोनं विचारलं.

"पुढच्या आठवड्यात."

"मग तोंड कशाला पाडलंय?"

"तुम्हाला भुयारात टाकून पळाल्यासारखं वाटतंय, ताई."

"पळा," ती म्हणाली. "बिनधास्त पळा."

तो गेला. त्या कॉटवर एक आजोबा आले, ते भिंतीकडे तोंड करून झोपत. बायको छताकडे बघत पडायची. मी कॅट काढला की म्हणायची, "राहू द्या, वाकून तुमची पाठ दुखेल." आता मी त्याच्या नव्या किडनीवर जळत होतो, ती देणाऱ्या बहिणीवर जळत होतो, आणि तो गेल्यामुळे ती हसायची थांबली म्हणून पुन्हा त्याच्यावरच जळत होतो.

एका सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. तोंडावरचा मास्क खाली ओढून म्हणाला, "ताई, डॉक्टर म्हणतात भरपूर पाणी प्या." डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून मिळतं. बायकोचं दिवसभराचं पाणी एका छोट्या बाटलीत मावतं, घसा सुकला की ती बर्फाचा खडा चघळते. त्यानं तांब्या उचलला आणि लगेच खाली ठेवला. "नको. तुमच्यासमोर नको."

"प्या हो," ती म्हणाली. "मला बघायचंय."

तो प्यायला. घटाघट, गळ्यावरून ओघळ जाईपर्यंत. त्याच्या प्रत्येक घोटाबरोबर इकडे तिचा गळा हलत होता. तांब्या रिकामा झाला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जी तृप्ती होती, तसली मी तिला काही करून देऊ शकलो नसतो.

"अजून एक," ती म्हणाली.

तो तांब्या भरायला उठला. फोन मी धरला होता. हात भरून आला, पण तो परत येईपर्यंत मी तो खाली घेतला नाही.